दोन पंखांचं जुनं विमान : किट आणू की आराखडा शोधू?
(इयत्ता ५ वी ते ७ वी : गणित, विज्ञान, कार्यानुभव)



कामशेतच्या आसपासच्या शाळांमधल्या मुलांना आकाशाचं भारी वेड असतं. दिवाळीनंतर इथल्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडू लागले की वर्गातली निम्मी डोकी खिडकीकडे वळतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी पाचवीतल्या एका मुलाने मला वहीत चिकटवलेलं चित्र दाखवलं. एकावर एक दोन पंख, मध्ये काठ्या आणि तारा, उघड्यावर बसलेला वैमानिक. "बाई, असलं रिमोटचं विमान कुठं मिळतं?"

हा प्रश्न तुमच्याही घरात किंवा वर्गात कधीतरी येईल. मोबाईलवर शोधलं तर पाच मिनिटांत शंभर चित्रं आणि दहा हजारांच्या पुढच्या किमती दिसतात. मग पालक एकतर "नको ते" म्हणतात, नाहीतर वाढदिवसाला महागडं किट आणून देतात आणि ते पहिल्याच रविवारी मोडतं. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे. तो आम्ही चाललो, वाटेत आपटलोही. या लेखात तो रस्ता सांगते, आणि आपटलो कुठे तेही सांगते, कारण खरा पाठ तिथेच झाला.

१. आधी ओळख : दोन पंख कशासाठी?

विमान शोधण्याआधी मुलांना ते कळायला हवं. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेल्या विमानाला बायप्लेन म्हणतात. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंनी जे विमान उडवलं ते बायप्लेनच होतं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, अंतर १२० फूट, म्हणजे साधारण ३६ मीटर. हे अंतर मैदानात टेपने मोजा, दोन्ही टोकांना मुलं उभी करा. "एवढंच?" असं मुलं म्हणतातच. त्या "एवढंच"पासून धडा सुरू होतो.

त्या काळी विमानं लाकूड आणि कापडाची होती, इंजिनं अशक्त होती. विमान उचलायचं तर पंखाचं क्षेत्रफळ मोठं हवं, पण लाकडाचा एकच लांबलचक पंख वाकतो, मोडतो. म्हणून तेच क्षेत्रफळ दोन मजल्यांत वाटलं. मध्ये उभ्या काठ्या आणि तिरप्या तारा लावल्या की दोन पंख मिळून एक मजबूत चौकट तयार होते. रेल्वेच्या लोखंडी पुलाला तिरप्या पट्ट्या का असतात, तेच कारण. वर्गात आईस्क्रीमच्या चार काड्यांचा चौकोन करून दाखवा, तो डुगडुगतो. दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधला की घट्ट होतो. तोटा असा की या काठ्या-तारांना हवेचा विरोध फार होतो. पुढे धातूचे मजबूत पंख आणि ताकदवान इंजिनं आली आणि बायप्लेन मागे पडलं.

आपल्या देशाचा हवाई इतिहासही याच विमानांनी सुरू होतो. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपाल नेलं, ते बायप्लेनमधून. १९३० साली आगाखान बक्षिसासाठी इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने पार करायची चुरस लागली. जे. आर. डी. टाटा कराचीहून जिप्सी मॉथ घेऊन निघाले आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडकडून येत होते. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघं भेटले. अस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते, जेआरडींनी आपल्याकडचा दिला. शर्यत अस्पींनी जिंकली. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगा, वर्ग शांत होतो.

एक गफलत मात्र टाळा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते "पस मॉथ"मधून, आणि पस मॉथ बायप्लेन नाही, त्याला पंखांची एकच जोडी आहे. नावात "मॉथ" दिसलं की दोन मजली पंख असं समजू नका. जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ ही बायप्लेनं. मुलांना चित्रं देऊन वेगळी करायला सांगा, निरीक्षणाचा छान खेळ होतो.

२. कोणतं विमान निवडावं?

आम्ही टायगर मॉथ घेतलं. त्याची कारणं तुमच्या उपयोगाची आहेत.

पहिलं म्हणजे ते आपलंसं आहे. २६ ऑक्टोबर १९३१ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालेलं हे शिकाऊ विमान भारतात हवाई दलाने आणि फ्लाइंग क्लबांनी वापरलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आपल्या कितीतरी वैमानिकांचे पहिले धडे याच्यावर झाले.

दुसरं, त्याची रचना मुलांना "का?" विचारायला लावते. वरचा पंख मागे झुकलेला का? पुढच्या खड्ड्यात बसलेल्या शिक्षकाला पॅराशूट घेऊन बाहेर पडायला जागा हवी म्हणून. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध का? वरून खाली पेट्रोल आपोआप उतरतं, पंप लागत नाही. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच.

तिसरं कारण कामाचं. विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपा, म्हणजे एलेरॉन, टायगर मॉथला फक्त खालच्या पंखाला असतात. मॉडेलमध्ये जोडकाम कमी, खर्च कमी.

३. "व्हिंटेज" शब्दाचे दोन अर्थ

शोधताना आम्ही पहिला आठवडा इथेच घालवला. मॉडेल करणाऱ्यांच्या भाषेत "व्हिंटेज" दोन अर्थांनी येतो. एक, जुन्या खऱ्या विमानाची प्रतिकृती, जसं आजच्या काळात काढलेला टायगर मॉथचा आराखडा. दुसरा, मॉडेलचा आराखडाच जुना, म्हणजे १९३०-४०-५० च्या दशकात कुणीतरी काढलेला. तो कुठल्याही खऱ्या विमानाचा नसेलही.

जुन्या आराखड्यांवर अजून एक गोष्ट पाहावी लागते : ते उडतं कसं?

- फ्री फ्लाइट : रबर किंवा छोटं इंजिन, सोडलं की आपलं आपण उडतं. रेडिओ नाही.
- कंट्रोल लाइन : उडवणारा मधे उभा, विमान तारेच्या टोकाला त्याच्याभोवती फिरतं.
- आरसी : रेडिओने चालणारं. आपल्याला हे हवं.

फ्री फ्लाइटच्या आराखड्यात मोटर, बॅटरी, सर्वो यांना जागाच ठेवलेली नसते. अनुभवी माणूस ते बदलून घेतो, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. १९५०-६० च्या आरसी आराखड्यांत जड इंजिन आणि जड रेडिओ धरलेले असतात. आजची बॅटरी-मोटर हलकी असल्याने विमानाचा तोल बदलतो, हेही लक्षात ठेवा.

४. किटचे प्रकार : पैसे देण्याआधी एवढं वाचा

दुकानदाराच्या तोंडी येणारे शब्द असे.

- प्लॅन : फक्त आराखडा. सगळे भाग आपण कापायचे.
- शॉर्ट किट : आराखडा आणि कापायला अवघड तेवढे लाकडी भाग कापलेले. सरळ पट्ट्या, चाकं, तारा आपल्या.
- किट : जवळजवळ सगळं लाकूड-साहित्य. मोटर, रेडिओ बहुधा वेगळे.
- एआरएफ : विमान जवळपास तयार, आपण जोडायचं आणि यंत्रं बसवायची.
- आरटीएफ : रेडिओसकट सगळं तयार.

अमेरिकेतली गिलोज ही कंपनी १९२६ पासूनची, बाल्साच्या काड्या आणि पातळ कागदाच्या किटसाठी प्रसिद्ध. पण तिची बरीच छोटी किटं रबरावर उडण्यासाठी आहेत, नुसतं डब्यावरचं चित्र बघून मागवू नका. बाल्सा यूएसए ही कंपनी पहिल्या महायुद्धातल्या बायप्लेनची मोठमोठी किटं करते. देखणी असतात, पण शाळेच्या कामाची नव्हेत. बाल्सा लाकूड मुळात दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः इक्वेडोरचं. आपल्याकडे ते महाग पडतं, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून भारतात ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यातून सुटे भाग वगळलेले आहेत. म्हणून मोटर-रेडिओ बसवलेलं तयार उडतं यंत्र परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नका. पुण्या-मुंबईच्या हॉबी दुकानांत मोटर, सर्वो, बॅटरी सहज मिळतात.

५. आराखडा कुठे शोधायचा?

जुन्या आराखड्यांसाठी "आउटरझोन" हा फुकट संग्रह उत्तम. ब्रिटनचं "एअरोमॉडेलर" हे मासिक १९३५ चं आणि अमेरिकेचं "मॉडेल एअरप्लेन न्यूज" १९२९ चं. अशा मासिकांतून छापून आलेले हजारो आराखडे तिथे स्कॅन करून ठेवले आहेत. ते आपल्यापुरतं विमान करण्यासाठी आहेत, विकण्यासाठी नाहीत, हे मुलांनाही सांगा.

पहिल्यांदाच करत असाल तर फोम बोर्डचे आराखडे बघा. "फ्लाइट टेस्ट" या अमेरिकी मंडळींनी फोम बोर्डच्या विमानांचे आराखडे फुकट खुले केले आहेत. त्यातलं "बेबी ब्लेंडर" हे छोटं बायप्लेन आहे.

शोधताना नुसतं "बायप्लेन" टाकू नका. विमानाचं नाव, पंखांची लांबी, "आरसी" आणि "इलेक्ट्रिक" एवढं टाका. आराखडा सापडला की उतरवण्याआधी पाच गोष्टी तपासा :

१. पंखांची लांबी लिहिली आहे का?
२. तयार विमानाचं वजन किती धरलं आहे?
३. तोलाचा बिंदू दाखवला आहे का? (वर्तुळाचे चार भाग, दोन काळे दोन पांढरे अशी खूण असते.)
४. कोणत्या जाडीचं साहित्य धरलं आहे?
५. छापल्यावर मोजून बघायला एखादी ठरावीक लांबीची रेघ किंवा चौकोन आहे का?

पाचवी गोष्ट आम्ही सोडली. ती पुढे सांगते.

६. गणिताच्या पेटीतून विमान

हा भाग माझा सगळ्यात आवडता. गणित पेटीतले एकक, दशक, शतक आणि हजाराचे ठोकळे काढा. एककाचा ठोकळा दहापट मोठा केला की काय होतं?

- लांबी १० पट (दशकाची दांडी)
- पृष्ठभाग १०० पट (शतकाची पाटी)
- आकारमान १००० पट (हजाराचा ठोकळा)

आता उलटं जाऊ. खऱ्या टायगर मॉथचं मॉडेल एक दशांश करायचं आहे.

पंखांची लांबी ८.९४ मीटर. भागिले १० : ८९.४ सेंटिमीटर.
पंखांचं क्षेत्रफळ साधारण २२.२ चौरस मीटर. भागिले १०० : २,२२० चौरस सेंटिमीटर.
रिकाम्या विमानाचं वजन साधारण ५०६ किलो. भागिले १००० : ५०६ ग्रॅम.

मुलांना आधी अंदाज करायला सांगा. "५०६ किलोचं विमान दहापट लहान केलं तर वजन किती?" सगळे ५० किलो म्हणतील. मग हजाराचा ठोकळा हातात द्या. अर्धा किलो साखरेची पिशवी शेजारी ठेवा. घन कशाला म्हणतात हे मी आधी दोन वर्षं फळ्यावर समजावत होते, ते त्या दिवशी पिशवीने समजावलं.

यातून निवडीचं सूत्रही मिळतं. मॉडेल त्या हिशेबाच्या जेवढं जवळ, तेवढं ते संथ आणि सुरेख उडतं. जड झालं की उडण्यासाठी वेग जास्त लागतो आणि वेग म्हणजे मोडतोड. आमचं पहिलं विमान ६४० ग्रॅम भरलं. वाढीव वजन बहुतेक गरम गोंदाचं होतं.

७. आमचं कुठे चुकलं?

आराखडा ए-४ कागदांवर तुकड्या-तुकड्याने छापायचा होता. निम्मे कागद एका ठिकाणी छापले, तिथली शाई संपली. उरलेले दुसरीकडे. घरी आणले, चिकटवले, कापले. डाव्या बाजूच्या पंखांचे कागद दुसऱ्या छपाईतले होते.

जोडणी झाल्यावर वर्गातली एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, विमानासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, डावा पंख बारका दिसतोय."

मी काय म्हणावं? "अगं, तू तिरकी उभी आहेस म्हणून तसं वाटतंय." पट्टी माझ्या टेबलावरच होती. मी ती उचलली नाही.

शनिवारी सकाळी भातकापणी झालेल्या खाचरात गेलो. मॉडेल उडवण्याचा अनुभव असलेले एक गृहस्थ मदतीला आले होते. विमान हातातून सुटलं, दोन-तीन सेकंद सरळ गेलं आणि डावीकडे कलत बांधावर आपटलं. नाक चेपलं, प्रोपेलर तुटला, एक सर्वो गेला. मुलांनी महिनाभर शनिवारी-शनिवारी बसून केलेलं ते विमान होतं. कुणी रडलं नाही, पण कुणी बोललंही नाही. तुकडे गोळा करताना त्या मुलीने दप्तरातून पट्टी काढली आणि दोन्ही बाजू मोजल्या. उजवी बाजू ४४.७ सेंटिमीटर. डावी ४२.९.

दुसऱ्या ठिकाणी छपाई "फिट टू पेज" झाली होती. म्हणजे कागदाच्या कडेला जागा सोडण्यासाठी छपाई यंत्राने चित्र आपणहून १०० चं ९६ टक्के केलं. चार टक्के ऐकायला कमी वाटतं. पण पंखाची लांबीही ९६ टक्के आणि रुंदीही ९६ टक्के, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ९२ टक्के. डाव्या बाजूची उचल उजवीपेक्षा सुमारे ८ टक्के कमी पडली. थोड्या उंचीवर असतं तर उडवणाऱ्याने सावरलंही असतं, पण हातातून सुटलेल्या विमानाला सावरायला उंचीच नव्हती.

सोमवारी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "तिचं बरोबर होतं. माझं चुकलं. मी मोजलं नाही." आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक नियम लिहिला, तो आजही आहे : मोजल्याशिवाय "नाही" म्हणायचं नाही. तो नियम मुलांसाठी आहे तेवढाच माझ्यासाठी.

तयार किटपेक्षा आराखडा बरा असं मी म्हणते ते पैशांमुळे नाही, या प्रसंगामुळे. डब्यातून आलेलं विमान नीट उडालं नाही तर मूल म्हणतं, "विमान खराब निघालं." आराखड्यावरून केलेलं विमान पडलं तर कारण शोधता येतं, आणि ते कारण दहा वर्षांच्या मुलीला पट्टीने सिद्ध करता येतं, समोर बाई असल्या तरी.

म्हणून छपाईच्या वेळी तीन गोष्टी करा. "अ‍ॅक्च्युअल साइज" किंवा "१०० टक्के" निवडा. सगळे कागद एकाच ठिकाणी छापा. पहिला कागद हातात आला की त्यावरची मापाची रेघ तिथेच उभं राहून मोजा, मगच बाकीचे छापा. घरे-इमारतींचे नकाशे छापणाऱ्या दुकानात एकाच मोठ्या कागदावर छापून मिळालं तर फारच उत्तम.

८. साहित्य आणि आपला पाऊस

फोम बोर्ड म्हणजे दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये हलका फोम. "सनबोर्ड" म्हणून जाहिरातींच्या पाट्यांसाठी मिळतो तो प्लास्टिकचा आणि फार जड असतो, तो घेऊ नका. ५ मिलिमीटरचा कागदी फोम बोर्ड घ्या आणि दुकानातच काट्यावर वजन करा. दोन दुकानांतल्या एकाच मापाच्या बोर्डांचं वजन वेगळं निघतं.

रेडिओ सोडून आमचा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला : बोर्ड, मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, चार छोटे ९ ग्रॅमचे सर्वो, एक बॅटरी. रेडिओ एकदाच घ्यावा लागतो, पुढच्या विमानांना तोच चालतो. आम्ही तो उसना आणला होता.

लोणावळा-मावळात अजून एक शत्रू आहे, दमट हवा. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये कपाटावर ठेवलेल्या जादा पंखांचा कागद जुलैत सुटून लोंबत होता. कागदाच्या उघड्या कडा आणि पृष्ठभाग रुंद पॅकिंग टेपने झाका, पावसाळ्यात विमान मोठ्या प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवा. कामाचा हंगाम म्हणजे दिवाळी ते होळी.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. कटर आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हातात. टेबलावर मोटर तपासताना प्रोपेलर काढून ठेवायचा, नेहमी. लिथियम पॉलिमर बॅटरी तिच्याच चार्जरने, मोठ्या माणसाने समोर बसून चार्ज करायची. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

९. उडवायचं कुठे?

भातकापणीनंतरची खाचरं मऊ असतात, सकाळी आठच्या आधी वाराही शांत असतो. शेतमालकाची परवानगी घ्या, बहुतेक वेळा तो कुणाचा तरी पालकच निघतो. पण "आपलंच शेत आहे" एवढं पुरत नाही.

रेडिओवर चालणारी मॉडेल विमानंही ड्रोन नियम, २०२१ खाली येतात. त्यात २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो असे गट आहेत. आमचं विमान मायक्रो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर हवाई क्षेत्राचा हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा आहे. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही. आपल्या भागात हे महत्त्वाचं, कारण लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, देहूरोडला लष्कराचा डेपो आहे. नोंदणी वगैरेचे नियम बदलत असतात, उडवण्याआधी ताजे वाचा आणि गावच्या पोलीस ठाण्यात कळवून ठेवा.

एक्स्प्रेसवे, लोहमार्ग, विजेच्या मोठ्या तारा आणि धरणाजवळची गर्दी यांपासून लांब राहा. आकाशात पॅराग्लायडर दिसला की विमान खाली. लायन्स पॉइंटसारख्या कड्यांवरून तर नकोच, तिथे वारा कड्याला धडकून वर चढतो आणि विमान दरीत गेलं की त्यामागे जाण्याचा मोह जीवघेणा ठरतो. पहिलं उड्डाण अनुभवी माणसालाच करू द्या.

मुलांची आवड टिकली तर पुढे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकायला मिळतं, हेही पालकांनी लक्षात ठेवावं.

१०. वर्गात कसं घ्याल?

उडतं विमान करणं जमलं नाही तरी हा पाठ सहा तासिकांत होतो.

तासिका १ : चित्रांवरून बायप्लेन ओळखणे, ३६ मीटर मोजणे.
तासिका २ : काड्यांचा चौकोन आणि कर्णाचा दोरा.
तासिका ३ : ठोकळ्यांवरून १०, १००, १००० पट.
तासिका ४ : आराखडा वाचणे. वरून, बाजूने, समोरून अशी तीन दृश्ये ओळखणे.
तासिका ५ : एकच कागद १०० टक्के आणि "फिट टू पेज" असा दोनदा छापून मोजणे, शेकडा फरक काढणे.
तासिका ६ : जाड पुठ्ठ्याचं साधं बायप्लेन, नाकाला चिकणमातीची गोळी लावून तोल साधणे आणि हाताने सोडणे.

स्वाध्याय

१. खऱ्या टायगर मॉथची लांबी ७.२९ मीटर आहे. एक दशांश मॉडेलची लांबी किती सेंटिमीटर?
२. १० सेंटिमीटरची रेघ छापल्यावर ९.६ सेंटिमीटर भरली. छपाई किती टक्क्यांची झाली?
३. एक अष्टमांश मॉडेल करायचं तर ५०६ किलोला कितीने भागावं लागेल? (सूचना : ८ × ८ × ८)
४. तुमच्या घरातली एक वस्तू अशी शोधा जिथे कर्णावरची पट्टी मजबुती देते.

दुसरं विमान आम्ही जानेवारीत केलं. ५८० ग्रॅम भरलं. छपाईचे कागद मोजायचं काम त्या मुलीकडे होतं आणि तिने एक कागद परत पाठवला. ते विमान चार मिनिटं उडालं आणि पेंढ्यात उतरलं. मुलांनी त्याचं नाव टिटवी ठेवलं. ते आता शाळेच्या कपाटावर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर सुरुवात किटच्या डब्याने करू नका. मुलाच्या हातात पट्टी द्या, आणि तो काही म्हणाला तर आधी मोजा.